कागदावरून डेकवर : बंगळुरूची लढाऊ विमाने आणि इंजिनाचा प्रश्न



१९५० च्या दशकाच्या मध्यावर भारतीय हवाई दलाने एका नव्या लढाऊ विमानाकडून काय काय हवे, ते कागदावर मांडले. ध्वनीच्या दुप्पट वेग, साठ हजार फुटांची उंची, तळापासून सुमारे आठशे किलोमीटरवर जाऊन मारा करून परत येण्याची ताकद. मागणी एवढ्यावर थांबली नव्हती. याच आराखड्यातून पुढे प्रशिक्षणाचे विमान निघावे, कोणत्याही हवामानात लढणारे विमान निघावे आणि विमानवाहू नौकेवरून उडणारे विमानही निघावे, असे त्यात म्हटले होते. तेव्हा आपल्या आरमारात एकही विमानवाहू नौका नव्हती. जेट विमान तर देशात कुणीच आखलेले नव्हते. तरीही ही मागणी इथल्या, बंगळुरूच्या कारखान्यापुढे ठेवली गेली.

त्यातून जन्मले ते एचएफ-२४, म्हणजे ‘मरुत’. ते हवाई दलात गेले, युद्धात लढले, पण नौकेवर कधी गेले नाही. बंगळुरूत आखलेले आणि बंगळुरूत बांधलेले लढाऊ जेट भारतीय विमानवाहू नौकेच्या डेकवर उतरले ते ११ जानेवारी २०२० रोजी. मधल्या साठ-पासष्ट वर्षांची हकीगत मला आज आपल्यापुढे मांडायची आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते शेवटपर्यंत दडवून ठेवल्यासारखे होणार नाही. विमान आखण्याची विद्या आपण मिळवली. आपले घोडे दर वेळी अडले ते इंजिनापाशी. आणि इंजिनातली उणीव विमानवाहू नौकेच्या डेकवर जितकी उघडी पडते, तितकी दुसरीकडे कुठेच पडत नाही.

स्मृतिव्याख्यान आहे, म्हणून दोन माणसांचे स्मरण करतो. दोघेही आपल्या मुलखातले. पहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. २३ डिसेंबर १९४० रोजी त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने इथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’, म्हणजे आजची एचएएल, ही कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी त्यांच्या सिंदिया कंपनीने विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी केली. विमान आणि जहाज, दोन्ही या देशात बांधली गेली पाहिजेत हे एकाच माणसाने एकाच सुमारास ओळखले आणि दोन्हींत पैसा घातला. आपण त्यांना उद्योगपती म्हणून मोकळे होतो. त्यांच्या या दृष्टीला आपण पुरेसे श्रेय दिलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

दुसरे डॉ. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूरकडच्या हसूरचंपू गावचा. तिथून हा मुलगा जर्मनीत गटिंगेनला गेला आणि आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्याने डॉक्टरेट केली. विमानाच्या पंखालगत हवेचा जो पातळ थर चिकटून वाहतो, त्याचे गणित जगाला देणारे ते प्रांटल. घाटगे १९४० मध्ये बंगळुरूच्या या नव्या कंपनीत आले. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तोही त्यांच्याच हाताने. ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडाले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान. दोन्हींमागे घाटगे होते. आपल्या आरमाराचे कित्येक वैमानिक गोव्यात याच किरणवर जेट उडवायला शिकले. म्हणजे डेकवर उतरणाऱ्या हातांना वळण देण्यात हसूरचंपूच्या या माणसाचा वाटा आहे.

आता मरुतकडे येतो. ऑगस्ट १९५६ मध्ये कुर्ट टँक बंगळुरूत आले. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीच्या फोके-वुल्फ १९० या विमानाचे ते जनक. युद्धानंतर काही वर्षे अर्जेंटिनात काढून ते इथे पोचले. त्यांच्याबरोबर मोजके जर्मन अभियंते होते. इथे एचटी-२ बांधलेली तरुण मंडळी होती, पण संख्येने थोडी. ध्वनीपेक्षा वेगवान विमानाला लागणाऱ्या चाचणीच्या सोयी नव्हत्या, मोठी यंत्रशाळा नव्हती. मग या लोकांनी काय केले? त्यांनी मरुतचे पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बांधले. लांबी, रुंदी, पंखांचा मागे झुकलेला कोन, सगळे खऱ्या विमानाचे. फ्लॅप, एअरब्रेक आणि आत ओढली जाणारी चाकेसुद्धा चालती. फक्त इंजिन नाही. एप्रिल १९५९ पासून डकोटा विमान दोराने हे ग्लायडर ओढून वर नेई आणि सोडून देई. वैमानिक ते हाताळून खाली आणी, आणि काय जाणवले ते अभियंत्यांना सांगे. वर्षभरात अशी ७८ उड्डाणे झाली. एका उतरणीत पुढचे चाक बाहेर आले नाही आणि ही मालिका संपली, पण तोवर हवे ते ज्ञान हाती आले होते. साधने नसताना शास्त्र कसे करावे याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो शिकवला जायला हवा.

१७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मरुतचे पहिले खरे उड्डाण केले, याच शहरातल्या एचएएलच्या धावपट्टीवरून. आशियात सोव्हिएत संघाबाहेर तेव्हा अशी झेप फारशी कुणी घेतली नव्हती. पण विमान उडाले तेव्हाच त्याचे नशीब बांधले गेले होते. टँक यांनी आराखडा केला होता तो ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडली कंपनीच्या ऑर्फियस-१२ या इंजिनासाठी. आफ्टरबर्नर, म्हणजे मागे जादा इंधन जाळून रेटा वाढवणारी जोड, लावल्यावर प्रत्येक इंजिनाने ८,१७० पौंडांचा रेटा द्यायचा होता. अशी दोन इंजिने. युरोपातल्या ज्या योजनेवर या इंजिनाची भिस्त होती ती बारगळली, ब्रिटिश सरकारने अंग काढून घेतले आणि पुढच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा असे सांगण्यात आले. दिल्लीने नकार दिला. मग मरुतला बसले ते ऑर्फियस-७०३, आफ्टरबर्नर नसलेले, ४,८५० पौंडांचे. याच घराण्यातले इंजिन आपण नॅट या लढाऊ विमानासाठी इथे बनवतच होतो.

आपल्यापैकी ज्यांना ही गोष्ट डोळ्यांनी पाहायची आहे त्यांनी कस्तुरबा रस्त्यावरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात जावे. आवारात मरुत उभे आहे. कॉकपिटच्या मागे, दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडे आहेत. त्या तोंडांत नीट पाहा. आत अर्धा शंकू बसवलेला दिसेल. ध्वनीच्या वेगाच्या पुढे गेल्यावर येणारी हवा इंजिनापर्यंत पोचण्याआधी नीट मंदावावी, म्हणून तो ठेवलेला असतो. मरुत सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडू शकले नाही. जे इंजिन आलेच नाही, त्याच्यासाठी केलेली ती जागा आहे. मी त्या शंकूपाशी दर वेळी थबकतो.

पर्याय शोधले गेले नाहीत असे नाही. सोव्हिएत इंजिने तपासली. इजिप्त त्या वेळी स्वतःचे लढाऊ विमान आणि त्याचे इंजिन घडवत होता. एक मरुत तिकडे नेऊन त्यात ते इंजिन बसवून उडवले गेले. ती योजनाही इजिप्तने गुंडाळली. इथे एचएएलने ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडून पाहिला. तशाच एका विमानातून १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास इथून उडाले आणि उड्डाण घेतानाच विमान कोसळून ते गेले. जुना मद्रास रस्ता आणि एचएएलचा विमानतळ रस्ता यांना जोडणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. रोज त्या रस्त्यावरून हजारो माणसे कामाला जातात. त्यांतल्या किती जणांना हे नाव कुणाचे ते माहीत असेल?

या सगळ्या उणिवांसह मरुत लढले आणि उत्तम लढले. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर १० आणि २२० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधली मरुत विमाने शत्रूचे रणगाडे, तळ आणि रेल्वेगाड्या टिपत होती. नाकात तीस मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेटे. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात काही विमाने गेली, पण हवाई लढतीत एकही गेले नाही. एका मरुतने पाकिस्तानचे सेबर विमान पाडले. एक इंजिन निकामी होऊनही वैमानिक परत आल्याची उदाहरणे आहेत. टँक आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी सांगाडा किती मजबूत केला होता याची ही पावती. एकूण १४७ मरुत बांधली गेली. त्यांना मोठे इंजिन मिळाले असते तर पुढची वीस वर्षे आपण दुसऱ्यांची विमाने जुळवत बसलो नसतो, हे माझे ठाम मत आहे.

मरुत वाळवंटात लढत होते, त्याच डिसेंबरात बंगालच्या उपसागरात आपल्या आरमाराची जेट विमाने लढत होती. ती मात्र ब्रिटिश बांधणीची, सी हॉक. विमानवाहू नौकेवरच्या लढाऊ-बॉम्बफेकी जेटच्या पहिल्या पिढीतले हे विमान. त्याचा मूळ नमुना १९४७ मध्ये उडाला. ब्रिटिश हवाई दलाला तो नको होता, आरमाराने घेतला. रोल्स-रॉइसचे नीन इंजिन विमानाच्या मध्यभागी, आणि त्याचा धूर सोडणारी नळी दुभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना काढलेली. त्यामुळे मागचा भाग इंधनाच्या टाकीला मोकळा राहिला. या नीनची आणखी एक हकीगत सांगण्याजोगी आहे. ब्रिटनने १९४६ मध्ये हेच इंजिन सोव्हिएत संघाला विकले. सोव्हिएत अभियंत्यांनी ते उघडले, समजून घेतले, आपल्या कारखान्यांत घडवले आणि मिग-१५ मध्ये बसवले. कोरियाच्या आकाशात ते मिग पाश्चात्त्यांसमोर आले तेव्हा त्यांची झोप उडाली. मिगचा आराखडा सोव्हिएत संघाचाच होता, पण त्याला वेळेवर इंजिन मिळाले आणि ते स्वतः घडवण्याची जिद्द त्या देशाने दाखवली.

सी हॉक १९६१ मध्ये विमानवाहू नौका आयएनएस विक्रांतवर आले. त्या वर्षीच्या मे महिन्यात विक्रांतच्या डेकवर पहिले भारतीय जेट उतरवले ते लेफ्टनंट ताहिलियानी यांनी. ते पुढे नौदलप्रमुख झाले. जुनी विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असताना आपल्यातल्या अनेकांनी मुलाबाळांसह पाहिली असेल. त्या डेकवर चालताना ते केवढे मोठे वाटे! पण वरून येणाऱ्या वैमानिकाला ते केवढे दिसत असेल?

डेकवर उतरणे म्हणजे काय हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचे सारे यावरच आहे. जमिनीवर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी विमानाचे नाक उचलून ते अलगद टेकवतो. पुढे दोन-तीन किलोमीटरची धावपट्टी असते. डेकवर ही चैन नाही. ठरलेल्या कोनात, ठरलेल्या वेगाने विमान तसेच खाली आणायचे आणि ठरलेल्या जागी आदळवायचे. हो, आदळवायचेच. शेपटीखालच्या हुकाने डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एक पकडायची. ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने आलेले विमान शंभर मीटरच्या आत, अडीच-तीन सेकंदांत थांबते. आणि गंमत अशी की चाके डेकला लागताक्षणी वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण ताकदीवर नेतो. हुक निसटला तर पुन्हा हवेत जाता आले पाहिजे, नाहीतर पुढे समुद्र आहे.

याचे परिणाम विमानाच्या हाडापर्यंत पोचतात. खाली येण्याचा वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणून चाकांचे पाय जाड, ते जिथे जोडलेले तो सांगाडा जाड, हुकाचा ओढा झेलणारी शेपटी जाड. सगळीकडे वजन वाढते. आणि उडताना धावायला जागा आहे ती दोनशे मीटरच्या आसपास. वजन वाढले, जागा घटली. ही तूट भरून काढणार कोण? इंजिनच.

जुन्या विक्रांतला वाफेचा कॅटपल्ट होता. तो विमानाला ढकलून फेकत असे, आणि नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने जाई, म्हणजे समोरून वारा मिळे. १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, तिचा वेग कमी झाला होता. तरीही ४ डिसेंबरला सी हॉक उडाले आणि त्यांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले. जहाजाच्या आणि विमानाच्या इंजिनांची ताकद डेकवर अशी एकाच हिशोबात येते.

आता आपल्या काळाकडे वळू. १९८० च्या दशकात हलक्या लढाऊ विमानाची, म्हणजे आजच्या तेजसची, योजना सुरू झाली. त्यासाठी बंगळुरूत एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी स्थापन झाली आणि डॉ. कोटा हरिनारायण यांनी प्रदीर्घ काळ या कामाचे नेतृत्व केले. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. उड्डाणनियंत्रण प्रणालीवर तिकडे एकत्र काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवले गेले. इथल्या लोकांनी ते गणित स्वतः पुरे केले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिले उड्डाण केले.

२००३ मध्ये याच विमानाच्या नौदल आवृत्तीला मंजुरी मिळाली. मरुतच्या वेळी कागदावर राहिलेली मागणी पुन्हा पटावर आली. या वेळी ती शेवटास नेली गेली. उतरताना वैमानिकाला डेक दिसावे म्हणून नाक खाली झुकवले. पंखांच्या मुळाशी पुढच्या बाजूला हलणारे छोटे पृष्ठभाग बसवले, म्हणजे कमी वेगातही विमान ताब्यात राहावे. पाय नव्याने आखले, हुक जोडला. गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर जमिनीवरच डेकची प्रतिकृती उभारली, उडण्यासाठी चढती कमान आणि उतरण्यासाठी तारा. पहिले नमुना विमान २७ एप्रिल २०१२ रोजी बंगळुरूत उडाले, दुसरे फेब्रुवारी २०१५ मध्ये.

२० डिसेंबर २०१४. गोव्याच्या त्या कमानीवरून पहिली झेप. वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. कॅटपल्ट नसलेल्या नौकेवर ही कमान विमानाला वर फेकते. कमान सोडते त्या क्षणी विमानाचा वेग उडायला पुरेसा नसतो. ते फेकलेल्या दगडासारखे वर जात असते आणि त्या काही सेकंदांत इंजिनाने त्याला खऱ्या उड्डाणाच्या वेगापर्यंत न्यायचे असते. विमानाच्या संगणकात याच क्षणासाठी नियंत्रणाची एक खास पद्धत लिहिलेली होती. वैमानिकाने हातात काहीही न धरता विमान स्वतःच योग्य चढणीला लागावे, अशी. ती इथल्याच मंडळींनी लिहिली, आणि विमानाने पहिल्याच झेपेला अपेक्षेपेक्षा चांगली चढण दाखवली.

सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यात हुकाने तार पकडून उतरणे साधले. आणि ११ जानेवारी २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मावळणकरांनीच अरबी समुद्रात आयएनएस विक्रमादित्यच्या डेकवर विमान उतरवले. दुसऱ्या दिवशी ते तिथूनच कमानीवरून उडवले. डेकवर उतरणारे लढाऊ जेट स्वतः आखून दाखवलेले देश आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी कोचीत बांधलेल्या नव्या विक्रांतवरही नौदल तेजस उतरले. आपले जहाज, आपले विमान. वालचंदांनी १९४० आणि १९४१ मध्ये सुरू केलेल्या दोन कामांची त्या दिवशी एकाच डेकवर गाठ पडली, असे मी मानतो. वर्तमानपत्रांत याचे जेवढे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झाले नाही, याची मला खंत आहे.

पण नौदल हे विमान आपल्या स्क्वाड्रनांत घेणार नाही. डिसेंबर २०१६ मध्येच तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी तसे स्पष्ट सांगितले होते. विमान जड आहे, आणि एका अमेरिकी एफ-४०४ इंजिनाच्या जोरावर पुरेसे इंधन आणि शस्त्रे घेऊन ते डेकवरून उडू शकत नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. युद्धावर जाणाऱ्या वैमानिकाला अर्ध्या टाकीवर पाठवता येत नाही. पण या वाक्यातला शब्द न् शब्द मरुतच्या कागदपत्रांत शोभून दिसला असता. सांगाडा आपला, गणित आपले, वैमानिक आपले, आणि इंजिन दुसऱ्याचे व हवे त्यापेक्षा लहान.

आपले स्वतःचे कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झाले. याच शहरातल्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेकडे ते काम होते. ते तेजसला वेळेत मिळाले नाही आणि २००८ मध्ये दोन्ही योजना वेगळ्या केल्या गेल्या. कावेरीला नावे ठेवणे सोपे आहे. पण टर्बाइनचे पाते ज्या वायूत फिरते, त्याचे तापमान त्या पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असते. पात्यात केसाएवढ्या वाटा ठेवून त्यांतून हवा खेळवायची, म्हणजे ते वितळत नाही. असे पाते अखंड एकच स्फटिक बनेल असे ओतावे लागते. ही विद्या जगात मोजक्या कंपन्यांकडे आहे आणि पैसे दिले तरी कुणी ती पुरती शिकवत नाही. शिवाय उंचीवरच्या चाचण्यांसाठी आपल्याला रशियात जावे लागले. लाकडी ग्लायडरने वायुगतीचा प्रश्न सुटला होता, टर्बाइनचा सुटत नाही. त्याला चाचणीकेंद्रे लागतात, धातुशास्त्रज्ञ लागतात आणि अपयशाने न डगमगणारी दोन-तीन दशके लागतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी इंजिनाच्या विकासाचा खर्च नाकारला तेव्हा आपण पैसे वाचवले. त्याची किंमत अजून फेडतो आहोत. २८ एप्रिल २०२५ रोजी नौदलासाठी २६ राफेल-एम विमानांचा करार फ्रान्सशी झाला. किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये.

बंगळुरूत आता दोन इंजिनांच्या नव्या डेक विमानाचा आराखडा चालू आहे. त्यातही इंजिन अमेरिकेचे धरलेले आहे. ते वेळेवर येवो, ही माझी मनापासून इच्छा आहे.

समोर बरीच तरुण मंडळी दिसतात. कुणी सांगली-कोल्हापूरहून शिकून इथे नोकरीला आलेले, कुणी इथेच जन्मलेले. तुमच्यातले बहुतेक संगणकाच्या क्षेत्रात आहेत, आणि ते उत्तमच आहे. तेजसच्या नियंत्रणाचे गणित तुमच्याच जातकुळीच्या लोकांनी सोडवले. पण ज्यांनी धातुशास्त्र घेतले आहे, ज्यांना यंत्रशाळेत रमायला आवडते, ज्यांच्या घरी इचलकरंजीला किंवा शिरोलीला ओतकामाची भट्टी आहे, त्यांना माझी विनंती आहे. टर्बाइनच्या पात्याकडे या. या शहरात त्या कामाला माणसे हवी आहेत. आणि जे पालक आहेत त्यांना सांगतो, मुलगा किंवा मुलगी तिकडे जायचे म्हणत असेल तर अडवू नका. आणि संसदेत पुढच्या वेळी इंजिनाच्या खर्चाचा प्रश्न येईल तेव्हा तुमच्या खासदाराला पत्र लिहा की या वेळी हा खर्च नाकारू नये.